ईव्हीएम, पाचनंतरची मतं आणि फुगलेली यादी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. निवडणुकीची ड्यूटी आमच्या पाचवीला पुजलेली. केंद्राध्यक्ष म्हणून बऱ्याच वेळा बसलो आहे. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निकालानंतर तर लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सलूनमध्ये लोक मलाच गाठतात, जणू यंत्र मीच बनवलंय. तेच ते प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं एकदा लिहून ठेवतो.

गुरुजी, सरळ सांगा. ईव्हीएम हॅक होतं की नाही?

“हॅक” या एका शब्दात लोक तीन वेगळी भांडणं कोंबतात. यंत्रात दाबलेलं मत बदललं का, हे एक. मतांची बेरीज आणि टक्केवारी खरी का, हे दुसरं. आणि यादीतली माणसं खरी का, हे तिसरं. तिन्हींचा कागद वेगळा आणि तो कागद दाबून ठेवणाऱ्याची सबबही वेगळी. त्यामुळे मी आधी विचारतो, “कशाबद्दल बोलताय?”

फक्त यंत्राबद्दल बोलायचं तर त्याला इंटरनेट, वायफाय, ब्लूटूथ काही नाही. घरी बसून लॅपटॉपवरून मतं फिरवली, ही गोष्ट विसरा. मात्र यंत्र उघडायला हातात मिळालं, तर त्यात गडबड करता येते, हे 2010 मध्ये दाखवून झालं आहे. हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गॉन्ग्रीप यांनी एका खऱ्या यंत्राचा डिस्प्ले बदलून आणि मेमरीला चिमटा लावून आकडे फिरवून दाखवले. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून आलं होतं. त्याबद्दल ऑगस्ट 2010 मध्ये हरी प्रसादांना अटकही झाली. यंत्र आलं कुठून याची चौकशी जितक्या जोमात झाली तितक्या जोमात यंत्राची झाली असती, तर पुढची अर्धी भांडणं वाचली असती असं मला वाटतं.

तेव्हा व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र, नव्हतं. आज प्रश्न “यंत्र फोडता येतं का” एवढाच उरलेला नाही. फोडलं तर ते पकडलं जाईल का, हा आहे.

जून 2017 मध्ये निवडणूक आयोगाने यंत्रात गडबड करून दाखवायचं आव्हान दिलं होतं, तेव्हा कोणी का सिद्ध करून दाखवलं नाही?

राष्ट्रवादी काँग्रेस आणि माकप हे दोनच पक्ष गेले, आणि त्यांनीही प्रत्यक्ष आव्हान घेतलं नाही. पण अट अशी होती की यंत्र उघडून आतला भाग बदलायचा नाही. कुलपाला हात न लावता कुलूप उघडून दाखवा, असा तो प्रकार. त्या दिवसावरून यंत्र निर्दोष ठरत नाही आणि दोषीही ठरत नाही.

यंत्राला पक्ष कळतो का?

मतं साठवणाऱ्या कंट्रोल युनिटला कळतं ते एवढंच: तिसरं बटण दाबलं, पाचवं दाबलं. तिसऱ्यावर कोण आहे ते त्याला ठाऊक नसतं. कोणतं यंत्र कोणत्या मतदारसंघात आणि मग कोणत्या केंद्रावर जाईल, हे दोन वेळा संगणकावर सरमिसळ करून, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर ठरतं. उमेदवारांचा क्रम अर्ज माघारीनंतर लागतो. म्हणजे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा हैदराबादच्या ईसीआयएलच्या कारखान्यात बसून “अमुक पक्षाला मतं घाल” असं आधीच भरून ठेवणं जवळजवळ अशक्य.

पण एक दार आहे. व्हीव्हीपॅटला नाव आणि चिन्ह छापायचं असतं, म्हणून ते मतदानाच्या काही दिवस आधी सिंबॉल लोडिंग युनिटमधून भरावं लागतं. कुठलं चिन्ह कुठल्या बटणावर, ही माहिती यंत्रसाखळीत इथे पहिल्यांदा शिरते. शंका घेणाऱ्यांनी बोट नेमकं इथे ठेवलं आणि ते रास्त होतं. 26 एप्रिल 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी कागदी मतपत्रिकेची मागणी फेटाळली, पण ही युनिटं सील करून निवडणूक निकालानंतर 45 दिवस स्ट्राँग रूममध्ये ठेवा असंही बजावलं.

मतदानाच्या सकाळी नक्की काय होतं?

मतदान सातला सुरू होतं, त्याआधी दीड तास अभिरूप मतदान. सगळे त्याला मॉक पोलच म्हणतात. प्रत्येक बटणाला मतं देऊन किमान 50 मतं टाकायची, कंट्रोल युनिटचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या एजंटांसमोर (म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर) जुळवायच्या, मग सगळं पुसायचं. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. हा मंत्र प्रशिक्षणात इतका घोकून घेतात की झोपेतही आठवतो. चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील होतात. मग यंत्रावर सील, एजंटांच्या सह्या.

खरी अडचण सांगू? साडेपाचला एजंटच आलेले नसतात. एकदा एक जण सव्वासातला डोळे चोळत आला आणि “कुठं सही करू” म्हणाला. दुपारी त्याच्याच पक्षाचा नेता टीव्हीवर यंत्रावर संशय घेत होता.

बॅटरी 99 टक्के कशी काय? दिवसभर यंत्र चालल्यावर?

हरयाणात हा मुद्दा आला, मग आपल्याकडे मुंबईत अणुशक्तीनगरमध्येही. यात अल्कलाइन बॅटरी असते. व्होल्टेज एका मर्यादेच्या (साधारण 7.4 व्होल्ट) वर असेल तोवर डिस्प्ले 99 दाखवतो, त्याखाली गेला की खरा आकडा दिसू लागतो. मोबाइलच्या बॅटरीची सवय इथे लावू नका. या मुद्द्यावर वेळ घालवणाऱ्यांनी खऱ्या मुद्द्यांचं नुकसान केलं, असं माझं मत.

मग व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या का मोजत नाहीत?

आधी प्रत्येक विधानसभा क्षेत्रात एकाच केंद्राच्या मोजायचे, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच करायला लावल्या. ही पाच केंद्रं मतमोजणीच्या ठिकाणी सोडत काढून निवडतात. 2024 च्या विधानसभेला 288 गुणिले 5, म्हणजे 1,440 केंद्रांची जुळणी झाली आणि कुठेही फरक आला नाही, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं.

हे पुरेसं आहे का? गणिताचा मास्तर म्हणून हिशोब मांडतो. राज्यात 1,00,186 मतदान केंद्रं होती. त्यातली फक्त एक टक्का यंत्रं राज्यभर बिघडवली असती, तर 1,440 च्या नमुन्यात त्यातलं एकही न सापडण्याची शक्यता 10 लाखांत एकाहूनही कमी. म्हणजे “सगळ्या राज्याची यंत्रं फिरवली” हा आरोप या चाळणीत अडकतोच.

आता एकच मतदारसंघ घ्या. सरासरी 348 केंद्रं. समजा त्यातली दहा टक्के, म्हणजे 35 यंत्रं खराब आहेत. पाच केंद्रं उचलली तर एकही खराब यंत्र हाती न लागण्याची शक्यता शंभरात 59. म्हणजे अटीतटीच्या एका जागेवर ही चाळणी फारच विरळ आहे. ज्या जागेवर फरक हजार-दोन हजारांचा, तिथे जास्त चिठ्ठ्या मोजायला काय हरकत आहे, याचं पटेल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. “वेळ लागेल” हे उत्तर नव्हे. लोक पाच वर्षं थांबतात, आणखी एक दिवस थांबतील.

हरलेला उमेदवार यंत्र तपासून मागू शकतो ना?

सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच एप्रिल 2024 च्या निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला तो हक्क दिला: निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच टक्के यंत्रं, खर्च आधी भरायचा, छेडछाड सापडली तर परत. सुरुवातीला एका संचाला 40,000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 47,200.

आपल्या राज्यातल्या बऱ्याच पराभूतांनी पैसे भरले. मग कळलं की तपासणी म्हणजे आधीची मतं पुसून नवा मॉक पोल! मोतीबिंदू आहे का पाहायला गेलो आणि डॉक्टरने नवा चष्मा लावून “दिसतंय ना?” विचारलं, तसं झालं. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला सांगितलं की माहिती पुसू नका आणि नव्याने भरू नका. हे आधीच केलं असतं तर किती बरं झालं असतं.

पाच वाजता 58.22 टक्के आणि शेवटी 66.05. ही 76 लाख मतं रात्रीत आली कुठून?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून याला जागा जास्त.

20 नोव्हेंबर 2024 ला राज्यात 9,70,25,119 मतदार होते. 58.22 आणि 66.05 मधला फरक 7.83, त्याची मतं साधारण 76 लाख. वाचताना छाती दडपते. आता हे एका केंद्रावर उतरवा: 76 लाख भागिले 1,00,186 केंद्रं, म्हणजे केंद्रामागे 76 मतं. दिवसभरात एका केंद्रावर सरासरी 640 मतं पडली, म्हणजे तासाला 58. पाच ते सहा हा मतदानाचाच तास आहे. सहाला रांगेत जे असतील त्यांना शेवटच्या माणसापासून पुढे टोकनं वाटतात आणि त्यांचं मतदान होईपर्यंत केंद्र बंद होत नाही. 76 मतांना सरासरी वेगाने सव्वा तासाच्या थोडं वर लागेल.

शिवाय पाचचा आकडा म्हणजे पाच वाजताचं मतदान नव्हे. आम्ही तो पावणेपाचला, कधी त्याच्याही आधी, झोनल अधिकाऱ्याला फोनवर सांगतो. रेंज नसेल तर तोही शिळा. तो अंदाज आहे. त्याच रात्री उशिरा 65.02 आला, दुसऱ्या दिवशी 66.05.

मग लोक चुकले का? नाही. तासातासाला दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे जाहीर करायचे आणि मग “तो अंदाज होता” म्हणायचं, हे चालत नाही. 58.22 असं लिहिलं की वाचणारा तो मोजलेला आकडा समजणारच. आणि खरा आकडा तर केंद्र बंद होताना लिहिलेला असतो: नमुना 17सी. प्रत्येक केंद्राचा 17सी स्कॅन करून त्याच रात्री सार्वजनिक केला, तर हा प्रश्न मला कुणी विचारणार नाही. तसं झालेलं नाही. सहानंतरच्या मतदानावरची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये फेटाळली, पण न्यायालयात हरलेली शंका पारावर जिवंत राहते.

पडलेल्या मतांपेक्षा पाच लाख जास्त मोजली म्हणे?

पडलेली मतं 6,40,88,195, मोजलेली 6,45,92,508. फरक 5,04,313. बातमी आली आणि वणवा पेटला. खुलासा असा की पहिल्या आकड्यात टपाली मतं नाहीत. ती 5,38,225 होती. ती मिळवली की बेरीज 6,46,26,420 होते, म्हणजे मोजलेली मतं उलट 33,912 ने कमी दिसतात. कमी असायला नियमातच जागा आहे: जिथे मॉक पोलची मतं पुसायची राहिली किंवा 17सी जुळला नाही, ते यंत्र बाजूला ठेवतात आणि विजयाचा फरक त्या मतांपेक्षा जास्त असेल तर ते मोजतच नाहीत. अशी यंत्रं कुठली, किती मतांची, ही एक यादी आकड्यासोबत छापली असती तर वणवा काडीवरच विझला असता.

मुंबई उत्तर पश्चिमला मोबाइलवरून ईव्हीएम उघडलं होतं ना?

नाही. 2024 च्या लोकसभेत तिथे रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा 48 मतांनी जिंकले. मोजणी केंद्रात मोबाइल नेल्याचं प्रकरण झालं हे खरं, पण ओटीपी लागत होता तो आकडे भरण्याच्या संगणक प्रणालीला. यंत्राला ओटीपी नसतो.

गंमत वेगळीच आहे. ईव्हीएमच्या मोजणीत कीर्तिकरांना 4,51,095 आणि वायकरांना 4,51,094. एका मताने कीर्तिकर पुढे! निकाल फिरवला तो टपाली मतांनी, म्हणजे कागदी मतपत्रिकांनी: 1,550 विरुद्ध 1,501. ज्या निकालावरून सगळ्यात जास्त “ईव्हीएम, ईव्हीएम” झालं, तो कागदावर ठरला. कीर्तिकरांची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये फेटाळली.

मारकडवाडीत लोकांना कागदावर मतदान का करू दिलं नाही?

माळशिरस तालुक्यातल्या या गावात राम सातपुतेंना 1,003 आणि उत्तम जानकरांना 843 मतं दाखवली. मतदारसंघात मात्र जानकर 13,147 मतांनी निवडून आले. गाव म्हणालं, आमच्याकडून त्यांना एवढी कमी मतं शक्यच नाहीत, आम्ही 3 डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मत घेऊ. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, गुन्हे दाखल झाले.

कायद्याने असं खासगी मतदान काही सिद्ध करत नाही. गुप्त मतदानात “आमच्या गावाने कुणाला दिलं” हे छातीठोक कोणी सांगू शकत नाही. पारावर एकाचं नाव घेणारा आणि आत दुसऱ्याचं बटण दाबणारा माणूस प्रत्येक गावात असतो. पण त्या केंद्रांच्या खऱ्या चिठ्ठ्या सीलबंद पडलेल्या होत्या. त्या गावासमोर मोजायचा सोपा मार्ग कायद्यात ठेवला असता, तर जमावबंदीची गरज कुठे होती? जिंकलेल्या उमेदवाराच्या बाजूचं गाव शंका घेतंय म्हणजे ती हरल्याची रडारड नक्कीच नव्हती.

पाच महिन्यांत निकाल असा उलटतो का?

उलटतो. जून 2024 च्या लोकसभा निकालात आघाडीच्या 30 आणि महायुतीच्या 17 जागा होत्या, पण दोघांची मतं जवळपास सारखीच होती. विधानसभेला भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. आपल्या पद्धतीत मतांचा थोडा कल जागांचा ढीग करतो. मध्ये लाडकी बहीणही येऊन गेली. सारख्या मतांत 30 विरुद्ध 17 झालं, तेव्हा आज रागावलेल्यांना गणित बरोबर वाटलं होतं, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

यादीत 40 लाख नावं वाढली, त्याचं काय?

माझ्या मते खरी दुखरी नस ही आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या मधल्या काळात निव्वळ 40 लाखांच्या आसपास मतदार वाढले; आधीच्या पाच वर्षांतली वाढ त्याहून कमी होती. राहुल गांधींनी राज्याच्या प्रौढ लोकसंख्येच्या 9.54 कोटींच्या सरकारी अंदाजाशी तुलना केली आणि मतदार जास्त कसे, असं विचारलं. इथे सावध राहा: 2011 नंतर जनगणनाच झालेली नाही, त्यामुळे लोकसंख्येचा आकडाही अंदाजच. अंदाजाने भागून चोरी सिद्ध होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं उदाहरण मात्र ठोस आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे नवीन नावांचे साडेसात हजारांहून जास्त ऑनलाइन अर्ज आले, त्यातले 6,861 बोगस म्हणून नाकारले गेले आणि प्रशासनानेच पोलिसांत तक्रार दिली. अर्ज पकडले गेले, हे यंत्रणेचं यश. पण ते कोणी भरले, कोणत्या मोबाइलवरून? जागेचा निकाल तीन हजारांच्या आसपासच्या फरकाने लागलेला असताना हे लोकांना कळायला नको? मुंबई महापालिकेच्या यादीत तर 2025 मध्ये 4.33 लाख मतदारांची नावं मिळून 11 लाखांवर वेळा दिसली. यातली सगळी बोगस नव्हेत. घर बदलतं, जुनं नाव कोणी काढत नाही. यंत्र कितीही चोख असलं तरी समोर कोण उभा आहे हे त्याला कळत नाही.

उलटा अनुभवही ध्यानात ठेवा. ऑगस्ट 2025 मध्ये निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या सीएसडीएस या संस्थेच्या संजय कुमारांनी रामटेक आणि देवळालीचे मतदार 36-38 टक्क्यांनी घटल्याचे आकडे टाकले. दोन दिवसांत माफी मागून काढून टाकले: तक्त्यातली ओळ चुकीची वाचली गेली होती. आयुष्य आकड्यांत घालवलेल्या माणसाचं हे होतं, तर व्हॉट्सअॅपवरच्या तक्त्यावर किती विसंबायचं?

केंद्राचं सीसीटीव्ही चित्रण का देत नाहीत?

20 डिसेंबर 2024 ला निवडणूक संचालन नियमांतला नियम 93 बदलून ते सार्वजनिक तपासणीच्या कागदपत्रांतून बाहेर काढलं, आणि मे 2025 मध्ये याचिका नसेल तर 45 दिवसांनी नष्ट करा, अशी सूचना गेली. कारण सांगितलं मतदाराच्या खासगीपणाचं. रांगेचं चित्रण खासगी कसं, हे मला समजलेलं नाही. पाचनंतर रांग होती की नव्हती, याचं साधं उत्तर त्याच चित्रणात होतं.

मग परत मतपत्रिकाच आणावी का?

ज्यांनी मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारलेले पाहिलेत त्यांना विचारा. मी पेट्या पळवल्याच्या गोष्टी वडिलांकडून ऐकत वाढलो. पण जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च 2009 मध्ये घेतलेली भूमिका मला पटते: घोटाळा सापडला नसला तरी, सामान्य माणसाला विशेष ज्ञानाशिवाय मोजणी पडताळता आली पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी यंत्र फेकायची गरज नाही, चिठ्ठी आहेच. ती मोजा.

आणि यंत्र फेरमोजणीत उपयोगीही पडतं. हरयाणात पानिपत जिल्ह्यातल्या एका सरपंचाच्या निवडणुकीची यंत्रं 2025 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात मागवून मोजली गेली आणि निकाल उलटला. यंत्रातली मतं बरोबर होती. एका केंद्रावर अधिकाऱ्याने आकडे चुकीचे लिहिले होते. न्याय मिळायला मात्र पावणेतीन वर्षं गेली.

नगरपरिषदेला व्हीव्हीपॅट का नव्हतं?

त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा नव्हे. डिसेंबर 2025 ला चिठ्ठी नव्हतीच. बहुसदस्यीय प्रभागात एक मतदार एकापेक्षा जास्त मतं देतो, ते तांत्रिकदृष्ट्या अवघड, हे कारण दिलं गेलं. जिथे फरक दहा-वीस मतांचा असतो तिथेच पुरावा नाही, हे मला अजिबात रुचलेलं नाही.

चिठ्ठीवर दुसराच उमेदवार दिसला तर?

जागेवरच केंद्राध्यक्षाला सांगा, घरी जाऊन फेसबुकवर नको. लेखी घोषणापत्र घेऊन एजंटांसमोर चाचणी मत देतात. तक्रार खोटी निघाली तर शिक्षेची तरतूद आहे, म्हणून चिठ्ठी ती दिसते ते सात सेकंद नीट बघा.

मी स्वतः काय करू शकतो?

यादीत नाव आधीच बघा. नवं नाव नमुना 6, हरकत 7, दुरुस्ती 8. आणि जमलं तर कुठल्याही उमेदवाराचे एजंट व्हा. पहाटे साडेपाचला या, मॉक पोल बघा, सीलचे नंबर वहीत लिहा. संध्याकाळी केंद्राध्यक्ष दमलेला असतो, साहित्य जमा करायची गाडी हॉर्न वाजवत असते, तरी 17सीची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. ती देणं आमचं काम आहे. मागच्या वेळी माझ्या केंद्रावर चार एजंट होते. प्रत मागून नेली ती एकाने.